सुनेला पाण्यात पाहणारा सासरा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फक्त पाणी आहे. सकाळची साडेसातची वेळ, वारा पडलेला, आणि निळ्या रंगाची अशी उधळपट्टी, की नाटक कंपनीच्या मालकानं हिशेब पाहून अंथरूणच धरावं. मागे बेटाची हिरवी पाठ. मधोमध नांगर टाकलेली पांढरी होडी. आणि होडीत आपला नायक. त्याचं तोंड मात्र प्रेक्षकांना दिसत नाही. पाय होडीत, पोट कडेवर, धड बाहेर, आणि डोकं एका पत्र्याच्या डब्यात खुपसलेलं.

डबा साधाच, तेलाचा. तळ कापून तिथं काच बसवलेली. तो पाण्यावर टेकवला, की माजघराच्या खिडकीतून अंगण दिसावं तसा खालचा समुद्र दिसतो. त्या डब्यात तोंड घालून म्हातारा ओरडत होता, "अगं, सावकाश! पाय आपटू नकोस! कपडे धुवायला गेलीस का तिथं?"

जिच्यासाठी हे चाललं होतं ती नऊ मीटर खाली होती. होडीजवळ मास्क लावून तरंगणाऱ्या मुलानं डोकं वर काढलं.

"बाबा, ती ऐकत नाहीये."

"ऐकत नाही ते दिसतंय मला!"

"ऐकू येत नाहीये, असं म्हणतोय मी."

"तेही दिसतंय."

खाली होती ती या मुलाची बायको, म्हाताऱ्याची सून. त्या उन्हाळ्यात अख्ख्या बेटावर एकच विनोद फिरत होता: दमधरे सुनेला पाण्यात पाहतो. तसे सासरे सुनांना पाण्यात पाहतच असतात, पण घरबसल्या. या पठ्ठ्यानं त्यासाठी होडी काढली, डबा कापला आणि काच बसवली.

दमधरे हे आडनाव नव्हे. खरं आडनाव बायकोला आणि टपालवाल्याला ठाऊक. चाळीस वर्षांपूर्वी, पाहुण्यांना समुद्र दाखवायचं काम नवं नवं सुरू झालं, तेव्हा हा तरणाबांड गडी पाण्याखाली जायचा आणि पाहुणे वर तरंगत वाट पाहायचे. मिनिट जायचं, दोन जायची. बाया घाबरून ओरडायला लागल्या की होडीवाला म्हणायचा, "दम धरा हो, त्यानं धरलाय तसा." तिथून नाव पडलं आणि चिकटलं. साडेतीन मिनिटं दम धरायचा तो. पाठीवर हवेची टाकी नाही, काही नाही. एक मास्क, पायांत वल्ह्यांसारख्या दोन फिन्स आणि छातीचा भाता.

त्याचं खरं राज्य बेटाच्या पाठीला होतं. तिथं प्रवाळाच्या गोल कड्यानं वेढलेला, परातीसारखा उथळ समुद्र आहे. सगळे त्याला परातच म्हणतात. परातीत मांटा येतात. मांटा म्हणजे पाकट माशाच्या घराण्यातलं सर्वांत मोठं माणूस: दोन पंख पसरले की पाच मीटर, घोंगडीसारखा चपटा, आणि स्वभावानं इतका गरीब, की त्याच्या शेपटीला नांगीसुद्धा नाही. परातीच्या मधोमध प्रवाळाचा एक मोठा गड्डा आहे. मांटा त्याच्यावर येऊन स्थिर होतात, आणि बोटाएवढे निळे मासे त्यांच्या अंगावरची घाण, किडे, मेलेली कातडी टिपून खातात. दमधऱ्यांनी त्या जागेचं नाव ठेवलं होतं सलून. पाहुण्यांना सांगायचे, "आपापला नंबर लावून येतात बघा. कुणी मध्ये घुसत नाही. आपल्याकडच्या रांगेपेक्षा बरी शिस्त."

प्रत्येक मांटाच्या पोटावर काळे ठिपके असतात, आणि एकाचे ठिपके दुसऱ्यासारखे कधीच नसतात. दमधरे गड्ड्याशेजारी वाळूवर उताणे पडायचे आणि वरून जाणाऱ्या पोटांवरून नावं सांगायचे. नावं सगळी घरातली. ही आत्याबाई, नाकासमोर जाणारी. हे जावईबापू, सारखे रुसून लांब जाणारे. या दोघी जावा, एकीनं तोंड फिरवलं की दुसरी फिरवणार. आणि सगळ्यांत मोठे ते मामा.

मामांचं पोट पाहायची गरज कधी पडलीच नाही. डाव्या पंखाचा कोपराच तुटलेला. तीस वर्षांपूर्वी परातीत जाळी टाकायला मोकळीक होती, तेव्हा मामा एका जाळ्यात सापडले होते. मांटाला मागे सरकता येत नाही. अडकला की पुढंच रेटतो आणि जाळं आणखी आवळतं. दमधरे वरून उतरत, चार दोऱ्या कापत, वर येऊन श्वास घेत, पुन्हा उतरत. पाऊण तास. शेवटची दोरी तुटली तेव्हा पंखाचा कोपराही गेला. त्या दिवसापासून तो तुटका कोपरा दुरून दिसला, की दमधरे म्हणायचे, "आले आमचे मामा!" ज्याला चालीवरून ओळखतो, त्याच्याकडं ओळखपत्र कोण मागतं?

त्यानंतर परातीत जाळी बंद झाली. पण ती बंदी कायमची नव्हती. पाच-पाच वर्षांची मुदत, आणि मुदत वाढवायची तर एक अट: ठरलेल्या आठवड्यात परातीत निदान बारा वेगवेगळे मांटा मोजले गेले पाहिजेत, या गणतीपासून तर प्रत्येकाच्या पोटाच्या फोटोसह. टाक्या लावून उतरायचं नाही, कारण बुडबुड्यांच्या आवाजानं मांटा सलून सोडून पळतात. म्हणजे मोजणारा माणूस एका श्वासात खाली जाऊन पोटं पाहणारा हवा. असा माणूस बेटावर एकच होता. "बारा भरले तर परात आपली," दमधरे म्हणायचे, "नाहीतर परातच बाराच्या भावात."

आणि नेमक्या गणतीच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, दमधऱ्यांचा कान फुटला.

सर्दी असताना उतरले, हट्टानं. कानात बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला आणि समुद्र भोवऱ्यासारखा फिरला. डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं आणि म्हणाले, "पडदा फाटलाय. भोक मोठं आहे."

"शिवता येतो का?"

"येईल, पुढच्या वर्षी. पण आता कानात पाण्याचा थेंब नको. आणि खाली जाणं तर विसराच. शिवला तरी."

"म्हणजे कायमचं?"

डॉक्टर चांगला माणूस. त्यानं बत्ती विझवली.

घरी आल्यावर दमधरे स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. बायकोनं चहा समोर ठेवला तो गार झाला. मुलगा इंजिनाचं काम करणारा, अबोल. त्याला खाली जाणं जमत नव्हतं, चार मीटरवर कपाळ ठणकायला लागायचं. तो नुसताच उभा. परातीचं काय, हा प्रश्न स्वयंपाकघरात पाचव्या माणसासारखा बसून होता.

सून भांडी पुसत होती. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. मूळची समुद्रापासून लांबची, मोठ्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. लग्नात समुद्राकडं पाहून म्हणाली होती, "अगंबाई, याला दुसरा काठच नाही का?" आता ती म्हणाली, "मामंजी, मी जाऊ का?"

ती सासऱ्यांना मामंजी म्हणायची. आधी थट्टेत, जुन्या पद्धतीचा शब्द म्हणून. मग तोच पडला.

"कुठं?"

"खाली. मोजायला."

दमधऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं. "पाणी म्हणजे बसस्थानक नव्हे, सूनबाई."

"ठाऊक आहे. पण मी अठरा थांब्यांची गाडी एका दमात सांगायची. कुणाला जमत नव्हतं."

"मग सांग बरं."

तिनं भांडं खाली ठेवलं आणि अठरा गावं एका दमात सांगितली, वर फलाट क्रमांक आणि "प्रवाशांनी नोंद घ्यावी" हेही. श्वास कुठं घेतला ते कुणाला कळलं नाही. सासूबाईंचा ऊर भरून आला. "अहो, हिला न्या," त्या म्हणाल्या, "निदान खाली गेल्यावर गप्प तरी बसेल."

परीक्षा तिथंच झाली. घंगाळात पाणी भरलं, सुनेनं तोंड बुडवलं, मुलानं घड्याळ पाहिलं. एक मिनिट झालं. दीड झालं. दोन मिनिटांवर सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी सुनेला अंबाड्याला धरून बाहेर ओढलं. "मेली की पोरगी!"

"आई, अजून होता दम," सून केसांतून पाणी निथळत म्हणाली, "केस नाही राहिले."

मग शिकवणी सुरू झाली. दमधरे चाळीस वर्षं करत आलेली गोष्ट त्यांना पहिल्यांदाच तोंडानं सांगावी लागत होती, आणि ती सांगताना त्यांची त्यांनाच नवी वाटत होती.

"मास्कमध्ये आधी थुंक. काचेवर वाफ धरत नाही."

"ई!"

"स्वतःचीच आहे. जगात दुसऱ्यांची थुंकी झेलून माणसं मोठी होतात, तुला आपली चालत नाही?"

खाली जाताना कान दुखतात, त्याचा उपाय: नाक चिमटीत धरायचं आणि फुंकायचं. "नाक दाबलं की तोंड उघडतं, हे वर. खाली नाक दाबलं की कान उघडतात. दुखायच्या आधी दाबायचं, दुखल्यावर नव्हे. मी दुखल्यावर दाबलं, माझं काय झालं बघ."

सगळ्यांत अवघड धडा दम धरण्याचाच होता. सून दम धरायची म्हणजे युद्धाला निघाल्यासारखी गाल फुगवून, भुवया आवळून. तीस सेकंदांत वर.

"धरू नकोस गं."

"तुम्हीच म्हणता धर."

"लोक म्हणतात. मी कधी धरला नाही. घट्ट धरलेली गोष्ट निसटते. आत घ्यायचा आणि विसरून जायचं. देवळाबाहेर चपला काढतो तसं. आत गेल्यावर चपलांचा विचार करत बसलं, तर देव दिसत नाही."

ते होडीत, डब्यात डोकं घालून, ती खाली. नवरा तिच्यावर तरंगत, कंबरेला बांधलेल्या दोरीचं टोक हातात धरून. पहिले पंधरा दिवस ती कापसाची गादी बुडवावी तशी बुडायची. मग हळूहळू पाय लांब झाले, मान सैल झाली. एक दिवस डब्याच्या काचेतून दमधऱ्यांनी पाहिलं, की एक मोठं कासव तिच्या हाताशी येऊन प्रवाळ कुरतडत बसलंय, आणि ती शेजारी अशी पडलीय, जणू दुपारची झोप काढतेय. हात पाठीमागे, एका हातात दुसरं मनगट, त्यांनी शिकवलं तसे, कशालाही न लावता. त्या दिवशी ते डब्यात ओरडले नाहीत. मुलानं दोनदा डोकं वर काढून पाहिलं, बाबा ठीक आहेत ना म्हणून.

गणतीचा आठवडा उजाडला. पहिल्या दिवशी चार मांटा आले. सून छोटा कॅमेरा घेऊन वाळूवर उताणी, आणि वर एकेक पोट. संध्याकाळी फोटो पाहत दमधरे नावं सांगायचे. आत्याबाई. थोरली जाऊ. धाकटी जाऊ नाही, भांडल्या असतील. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ, एकही नाही. चौथ्या दिवशी जावईबापू आले, लांबून दर्शन देऊन गेले. सून फिन्स मारत मागे गेली आणि फोटो घेऊनच आली. पाचव्या दिवशी एक. सहाव्या दिवशी एक. म्हणजे नऊ. दोन वर्षांपासून पलीकडच्या समुद्रात मोठी जाळी वाढली होती. जे येत नव्हते ते का येत नव्हते, हे घरात कुणी मोठ्यानं म्हटलं नाही.

संरक्षित किनाऱ्याच्या अधिकारीबाई संध्याकाळी धक्क्यावर आल्या. तरुण, उन्हानं भाजलेल्या, मनानं दमधऱ्यांच्या बाजूच्या. "काका, उद्या शेवटचा दिवस," त्या म्हणाल्या. "मी अकराचे बारा करू शकत नाही. नऊचे तर नाहीच."

"मी सांगितलं का करायला?" दमधरे म्हणाले. आवाज चढला होता, म्हणजे मनात तेच आलं होतं.

सातव्या दिवशी पाणी काचेसारखं. नऊ वाजले, दहा वाजले. सलून उघडं, निळे न्हावी हात चोळत उभे, गिऱ्हाईक नाही. अकराच्या सुमाराला डाव्या विंगेतून, कड्याच्या तोंडातून, एक भली मोठी सावली सरकत आली. काचेतून आधी तुटका कोपरा दिसला.

"मामा!" दमधरे ओरडले. डब्यात आवाज घुमला. पण लगेच मन खाली बसलं. दहा. मामा आले तरी दहाच. ते वरून पाहत राहिले. पाठ अशी फुगली होती, की घोंगडीखाली कुणी उशी ठेवावी. मामांचं पोट पुन्हा सुटलंय, त्यांच्या मनात आलं. म्हातारपण कुणाला चुकलंय?

सून खाली गेली. वाळूवर उताणी झाली. मामा सलूनवर येऊन थांबले, अगदी तिच्या वर, आणि ती त्या प्रचंड अंगाखाली पूर्ण झाकली गेली. मिनिट झालं. मुलानं दोरी सैल सोडली. दीड मिनिट. दमधऱ्यांना फक्त पाठ दिसत होती. दोन मिनिटं. त्यांनी आपण श्वास घेत नाही, हे ओळखून श्वास घेतला. मग मामा एक पंख उचलून बाजूला झाले आणि सून सावकाश, शिकवल्याप्रमाणे, घाई न करता वर आली. होडीची कड धरली, मास्क कपाळावर सरकवला, आणि नुसतीच हसत सुटली.

"काय झालं? चक्कर आली का? अरे, धर तिला!"

तिनं मान हलवली. बराच वेळ श्वास घेतला. मग म्हणाली, "मामंजी, मामा नाहीत त्या."

"म्हणजे? कोपरा पाहिला नाहीस?"

"कोपरा तोच आहे. पण नराला शेपटीच्या बुडाशी दोन बोटांसारखी खूण असते ना, तुम्हीच दाखवली होती जावईबापूंची? ती नाहीच. मामी आहेत." आणि मग, घोषणा करायच्या त्याच स्वच्छ आवाजात, "आणि मामींना दिवस गेलेत. पोटात हललेलं पाहिलं मी."

दमधरे होडीत बसले. त्यांच्या कपाळावर डब्याच्या कडेचा गोल वळ उठला होता. बेटावर दमधरे चुकले, असं कुणी ऐकलं नव्हतं. वारा चुकेल, भरती चुकेल, पण कुठला मासा कुठला, यात दमधरे नाहीत चुकायचे.

"तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षं बाईमाणसाला मामा म्हणत आलो."

मुलगा कधी नव्हे तो बोलला. "त्यांनी मनावर घेतलेलं दिसत नाही, बाबा."

अधिकारीबाईंची कचेरी म्हणजे एक खोली. भिंतीवर परातीचा नकाशा, खिळ्यांना वाळत टाकलेले पोहण्याचे पोशाख, त्यांतून टिपटिप पाणी, आणि आवाज करणारा पंखा. त्यांनी दहा फोटो ओळीनं मांडले. दहाव्यावर बराच वेळ थांबल्या.

"दहा म्हणजे मुदत संपली," त्या म्हणाल्या. "पण नियमात दुसरं कलम आहे. मांटा जिथं पिलं वाढवतात ती जागा असेल, तर मोजणी लागतच नाही. कायमची बंदी. फक्त एकदा दिसून चालत नाही, काका. एकदा आली ती पाहुणी. वर्षानुवर्षं येत असेल, तर ते तिचं माहेर. याआधी अशी कधी दिसली होती का?"

"नाही," दमधरे म्हणाले. मग डोकं खाजवलं. "तसं पोट सुटायचं मधून मधून. पण ते आपलं खाण्यापिण्याचं."

अधिकारीबाई हळूच म्हणाल्या, "कधी कधी सुटायचं?"

"ते काय, वह्यांत असेल."

वह्या होत्या. माळ्यावर गंजक्या बिस्किटांच्या डब्यात, सहा. समुद्रावरून आल्यावर चार ओळी लिहायची दमधऱ्यांना सवय होती, कुणी वाचावं म्हणून नव्हे, दिवस संपला हे स्वतःला कळावं म्हणून. सासूबाई पदरानं धूळ झटकत त्या घेऊन आल्या. अधिकारीबाई मोठ्यानं वाचू लागल्या.

"‘मामांचं पोट सुटलं आहे. सलूनमध्ये बसून खातात वाटतं.’ तारीख आहे. पुढच्या वर्षी, ‘मामा एकदम सडपातळ. वैद्य चांगला भेटला. सोबत एक लहान मांटा, भाचा असावा.’ मग चार वर्षांनी, ‘मामा पुन्हा सुटले. या वयात व्हायचंच, माझंही सुटलंय.’ पुढं, ‘मामा बारीक झाले. नवा भाचा. मामा म्हटल्यावर भाचे असायचेच.’"

इथं त्यांना पुढं वाचवेना. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. सून तर टेबलाखालीच गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "अहो, दर वेळी पोट गेल्यावरच पोर दिसतं, हे तुमच्या ध्यानात आलं नाही? मला विचारायचंत!"

"तू कधी खाली आलीस?"

"त्यासाठी खाली कशाला यायला लागतं?"

मग अधिकारीबाई हसायच्या थांबल्या. पेन घेऊन वह्या पुन्हा पहिल्यापासून उलटल्या, तारखा उतरवल्या. तीस वर्षांत सात वेळा पोट सुटलं होतं आणि सात वेळा भाचा दिसला होता.

"एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "सगळीकडं ‘मामा’ लिहिलंय. वरच्या कचेरीतले म्हणतील, ही तर नराची नोंद, यावर कलम कसं लावायचं? तुम्ही लिहून द्यावं लागेल, काका. सहीनिशी. की तुमची ओळखण्यात चूक झाली होती. हा कागद नोंदवहीत राहील, सूचनाफलकावर लागेल, सगळे वाचतील."

सगळ्यांनी दमधऱ्यांकडं पाहिलं. चाळीस वर्षांत या माणसाकडं जे काही साठलं होतं, ते एवढंच, की हा चुकत नाही. कान गेला होता, खाली जाणं गेलं होतं. आता उरलेलं तेही कागदावर लिहून देऊन टाकायचं होतं. त्यांनी चष्मा लावला, काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. आणि वाकून, वळणदार अक्षरात, सावकाश लिहिलं. अधिकारीबाईंनी तो कागद पुढं पाठवला, पण त्याआधी सुनेनं तो वाचून पाठ केला, म्हणून तो आपल्यालाही ठाऊक आहे:

"परातीतली जी मांटा मी मामा म्हणून नोंदत आलो, ती मादी आहे. तीस वर्षं मी तिला वरून पाहिलं आणि ओळखतो असं समजलो. खालून पाहिलं ते माझ्या सुनेनं, तेव्हा कळलं. चूक माझी. पण पोट खरं होतं, भाचे खरे होते, आणि तारखा खऱ्या आहेत."

कागद फलकावर लागला. दोन दिवस बेटावर हसण्याला ऊत आला. किराणावाल्यानं विचारलं, "काय दमधरे, मामींची तब्येत कशी?" दमधरे म्हणाले, "बरी आहे, डोहाळे लागलेत, तुझ्या दुकानातलं काही नको म्हणते." तिसऱ्या दिवशी हसणं ओसरलं आणि लोक फलकापुढं थांबून कागद पुन्हा वाचायला लागले. एका म्हाताऱ्या कोळ्यानं टोपी काढली, असं मुलगा सांगतो. कदाचित उकडतही असेल.

पाच आठवडे काही कळलं नाही. दमधरे रोज सुनेला घेऊन परातीत जायचे. गणती संपली होती, कारण उरलं नव्हतं, तरी जायचे. एक-दोनदा पाहुणे सोबत होते. एक आजोबा पाण्यात तोंड घालायला घाबरत होते; सून त्यांच्याशेजारी तरंगत म्हणाली, "आजोबा, तुम्ही फक्त बघा, बाकी पाणी करतं." आजोबांनी तोंड घातलं आणि पाऊण तास काढलं नाही. दमधरे होडीतून हे पाहत होते. असं वाक्य त्यांना चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

त्या दुपारी ते धक्क्याच्या पायरीवर बसून डब्याच्या काचेला नवी लांबी भरत होते. जुनी सुटून आत पाणी यायला लागलं होतं. कचेरीकडून धक्क्यापर्यंत उतार आहे, दगडी पायऱ्यांचा. त्या उतारावरून कुणीतरी धावत येताना दिसलं. केस सुटलेले, एक चप्पल हातात, दुसरी कुठंतरी मागे. सून होती. मागून अधिकारीबाई, चालतच, हातात कागद हलवत, चेहरा असा की लांबूनही वाचता यावा.

सून पायरीवर येऊन थांबली आणि बोलायला तोंड उघडलं. अठरा गावं एका दमात सांगणारी ती. आवाजच फुटेना.

"का... कायम... मामंजी... परात... जाळी... का..." ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली, धापांनी खांदे हलत होते. "कायमची... बंद..."

दमधऱ्यांनी लांबीचा गोळा खाली ठेवला. बोटं धोतराला पुसली. एकदा परातीच्या बाजूला पाहिलं. तिथून ती दिसत नाही, मध्ये बेटाची पाठ येते. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. हात धरून सुनेला शेजारी बसवलं, तिच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाले,

"आधी श्वास, मग बातमी. उद्यापासून पाहुण्यांना तू खाली नेणार आहेस, त्यांच्यादेखत असं करू नकोस."